नव्या घरातील वीज : गिलाव्यापूर्वी करावयाची आखणी

सुगी आटोपली, मालाचे पैसे हाती आले, की गावोगाव घरबांधणीची कामे निघतात. घराचे तोंड कोणत्या दिशेस असावे, चौकट सागाची करावी की बाभळीची, पडवी किती हात ठेवावी, बोअर कोठे घ्यावी, यांवर घरातील व शेजारची वडीलधारी माणसे महिना महिना खल करितात. विजेचा विचार मात्र भिंती उभ्या राहिल्यावर होतो, आणि तोही घाईघाईने. “वायरमनला बोलवा, तो बघून घेईल” एवढ्यावर हा विषय संपतो. वास्तविक चौकट बदलता येते, पत्रे बदलता येतात, फरशीही उखडून नवी बसविता येते. गिलाव्याआड गेलेली तार मात्र घराच्या आयुष्यभर तेथेच राहते. ती चुकीची पडली असेल तर भिंत फोडल्यावाचून दुसरा इलाज राहत नाही.

याचा अनुभव अलीकडे एका नव्या तऱ्हेने येऊ लागला आहे. मुलगा शहरात नोकरीस असतो. नव्या घराची वास्तुशांत होऊन वर्ष लोटते, आणि दिवाळीस येताना तो मोबाइलवरून चालणारी पाच-सात ‘स्मार्ट’ बटणे घेऊन येतो. आजीला रात्री उठून चाचपडत बटण शोधावे लागू नये, गोठ्यातला दिवा घरातून लावता यावा, टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, असा त्याचा चांगला हेतू असतो. वायरमन येऊन बोर्ड उघडतो आणि मान हलवितो.

“अण्णा, पेटीत न्यूट्रलच नाही. फेज आली आहे, अन् दिव्याकडे जाणारी तार आहे. एवढंच.”

“मग आता?”

“आता एक तर भिंत फोडायची, नाहीतर बटणं माघारी द्यायची.”

नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहून अण्णा गप्प बसतात. बांधकाम चालू असतानाच पेटीपर्यंत काळी तार नेली असती तर थोडी जास्त तार लागली असती, इतकाच काय तो खर्च. बांधणाऱ्याने निष्काळजीपणा केला असेही म्हणता येत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ही न्यूट्रलची भानगड समजून घेणे कठीण नाही. वीज ही पाटाच्या पाण्यासारखी एका बाजूने येऊन वाफ्यातच जिरत नाही. ती फेजच्या तारेने येते, दिव्यातून वा पंख्यातून जाते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. साधे बटण म्हणजे फेजच्या वाटेवरचे दार. ते उघडझाप करण्यास फेजची तार पुरते, म्हणून जुन्या पद्धतीत न्यूट्रल बोर्डाकडे न आणता परस्पर दिव्याकडे नेण्याची चाल पडली. मोबाइलच्या आज्ञेने चालणारे बटण मात्र सदैव जागे असते. निरोप केव्हा येईल याची वाट पाहत ते स्वतःपुरती थोडी वीज खात राहते, आणि त्यासाठी त्यास येण्याची व जाण्याची, दोन्ही वाटा लागतात. न्यूट्रलवाचून चालणारी बटणेही बाजारात मिळतात. परंतु ती आपल्यापुरता प्रवाह दिव्यामधूनच नेतात, त्यामुळे बटण बंद असतानाही काही एल.ई.डी. दिवे मिणमिणत राहतात. नवे घर बांधणाऱ्याने या तडजोडीत पडण्याचे कारण नाही. प्रत्येक बोर्डाच्या पेटीत फेज, न्यूट्रल व अर्थिंग या तिन्ही तारा आणाव्यात, मग पुढे बटण साधे बसवा की मोबाइलचे. पेटीही नेहमीपेक्षा खोल घ्यावी, कारण अशा बटणांचा मागचा भाग जाड असतो आणि तारांना वळण घेण्यास जागा लागते.

वस्तू आज घेण्याची घाई नको. त्यांची वाट मात्र आजच ठेवावी, हे या आखणीतील मुख्य धोरण होय. मोबाइलवर चालणारी उपकरणे दर दोन-चार वर्षांनी बदलतात. आज महाग असलेली उद्या स्वस्त होतील, आणि आजची काही कंपन्यांसह नाहीशीही होतील. भिंतीतील रिकामी नळी मात्र तीस वर्षांनीही उपयोगी पडेल.

स्लॅब ओतण्यापूर्वी

नळ्या घालण्याची वेळ दोनदा येते आणि दोन्ही वेळा ती चटकन निघून जाते. पहिली, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर व काँक्रीट ओतण्यापूर्वी. दुसरी, भिंतीची वीट लागल्यानंतर व गिलाव्यापूर्वी. स्लॅबच्या दिवशी पंचवीस माणसे कामावर असतात, मिक्सर धडधडत असतो, त्या गडबडीत नळी विसरली तर तिची आठवण फळी काढल्यावरच येते. म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी मालकाने व वायरमनने मिळून सळईवर चढावे, पंख्याच्या पेट्या, दिव्यांच्या पेट्या आणि भिंतीकडे उतरणाऱ्या नळ्या एकेक मोजून पाहाव्यात. नळ्यांची तोंडे कागदाने वा बुचाने बंद केलेली असावीत, नाहीतर सिमेंटचे पाणी आत जाऊन नळी बुजते. वळणाच्या जागी काटकोनी एल्बो न घालता लांब बाकाचा तुकडा घालावा. काटकोनातून तार ओढताना तिचे आवरण सोलवटते, आणि पुढे त्याच जागी बिघाड होतो.

गिलाव्यापूर्वीच्या टप्प्यात एक सोपा उपाय फार कामी येतो. भिंती उभ्या राहिल्या, की एका संध्याकाळी घरातील सर्व माणसांनी खडू घेऊन घरभर फिरावे. पलंग कोठे येईल, देव्हारा कोठे, फ्रिज कोठे, घरघंटी कोठे, मिक्सर लावताना हात कोठे पोहोचतो, शिवणयंत्र कोणत्या खिडकीशी, हे प्रत्यक्ष उभे राहून भिंतीवर खुणावे. यात घरातील बायामाणसांचे मत पहिले घ्यावे. स्वयंपाकघरात दिवसभर त्या वावरतात. गवंड्याने वा वायरमनने ठरविलेला सॉकेट बहुधा ओट्याच्या चुकीच्या कोपऱ्यात येतो, आणि मग वीस वर्षे लोंबती तार ओढून मिक्सर चालतो. म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाशी एक बटण झोपल्या हाताने लागेल अशा उंचीवर ठेवावे. त्याला कोणतेही नवे तंत्र लागत नाही.

तारांच्या जाडीबाबत काटकसर करू नये. तांब्याची तार, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेलीच घ्यावी. दिवे व पंखे यांस १.५ चौरस मिलिमीटर, साध्या सॉकेटांस २.५ आणि पाणी तापविण्याच्या गीझरसारख्या मोठ्या उपकरणास ४ चौरस मिलिमीटर जाडीची तार घालण्याची रीत आहे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. घरघंटीची १ अश्वशक्तीची मोटर ७४६ वॅटची असली तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. या दोन्ही वस्तू दिव्याच्या तारेवर जोडल्या की तार तापते, आवरण मऊ पडते, आणि एखाद्या रात्री भिंतीतून जळका वास येऊ लागतो. म्हणून दिवे-पंखे, स्वयंपाकघर, गीझर, मोटर व गोठा यांच्या वाटा मुख्य पेटीपासूनच वेगळ्या काढाव्यात, व प्रत्येकीस तिच्या तारेला शोभेल असा स्वतंत्र एम.सी.बी. बसवावा. रंगांचा नियमही पाळावा : फेजला लाल, पिवळा वा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थिंगला हिरवा. हिरव्या रंगाची उरलेली तार वाया जाऊ नये म्हणून तीच फेजला वापरणारे वायरमन आढळतात. त्यांस तेथेच थांबवावे. पुढे बोर्ड उघडणारा दुसरा माणूस हिरव्या तारेस बेधडक हात लावतो.

अर्थिंग व आरसीसीबी

मोबाइलची बटणे नसली तरी घर चालते. या दोन गोष्टी नसल्या तर घरातले माणूस जाण्याची भीती असते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की एम.सी.बी. बसविला म्हणजे शॉकचे भय गेले. तसे नाही. एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा एम.सी.बी. १६ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू लागला तरच पडतो. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही वेळ वाहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. ३० च्या पाचशे पटींहूनही अधिक. म्हणजे माणूस तारेस चिकटून राहिला तरी एम.सी.बी.ला त्याची खबरही लागत नाही. ही खबर ठेवण्याचे काम आर.सी.सी.बी. नावाचे वेगळे यंत्र करते. फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली याचा ते सतत हिशेब ठेवते. हिशेबात तूट आली, म्हणजे काही वीज माणसाच्या अंगातून वा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे असे समजून ते डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. घ्यावा. १०० व ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, परंतु ते आगीपासून बचावासाठी असतात. स्वस्त मिळाला म्हणून तो घरात माणसांच्या रक्षणास बसवू नये. त्यावर ‘टेस्ट’ असे लिहिलेले एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा, ते दाबून पाहावे. वीज गेली तर यंत्र ठीक आहे.

आर.सी.सी.बी. बसविल्यावर तो वारंवार पडतो, म्हणून काढून टाकला, अशी तक्रार ऐकू येते. यंत्र बहुधा निर्दोष असते. दोष जोडणीचा असतो. दोन वेगळ्या वाटांच्या न्यूट्रल तारा एखाद्या पेटीत एकत्र पिळून टाकल्या, की एकीने गेलेली वीज दुसरीने परत येते, आणि हिशेब जुळत नाही. विशेषतः इन्व्हर्टरची वाट व मुख्य वाट यांचे न्यूट्रल एकत्र झाले म्हणजे हा घोटाळा हमखास होतो. याकरिता ज्या वाटेची फेज, त्याच वाटेचा न्यूट्रल, हे पथ्य गिलाव्यापूर्वीच पाळले पाहिजे. नंतर ही गुंतागुंत सोडविणे अत्यंत जिकिरीचे होते.

अर्थिंगच्या बाबतीत शेतकऱ्याचे स्वतःचे ज्ञान उपयोगी पडते, कारण हा शेवटी मातीचा प्रश्न आहे. ओलसर मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मुरुमातून व खडकातून कष्टाने जाते. काळ्या जमिनीत अर्थिंग चांगले लागते; पण उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि नळी व माती यांची संगत सुटते. पाइप अर्थिंगसाठी सुमारे २.५ मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी उभी पुरतात, भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात, आणि वर पाणी घालण्यास तोंड ठेवितात. ही जागा घराच्या भिंतीपासून निदान १.५ मीटर दूर असावी. परसबागेच्या कडेस, जेथे भाजीला पाणी दिले जाते तेथे ती घेतल्यास ओल आपोआप टिकते. मुरमाड माळावर घर असेल तर एका नळीने भागत नाही. दोन नळ्या घेऊन त्या जोडाव्या लागतात. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा. खड्डा खोल दिसतो म्हणून अर्थिंग चांगले, असे अनुमान बांधू नये.

आणि येथेच एका दुष्ट चालीचा उल्लेख केला पाहिजे. न्यूट्रल तुटला वा कमजोर झाला, की काही ठिकाणी अर्थिंगच्या तारेवरच दिवे पेटवितात. दिवा लागतो, म्हणून काम भागले असे वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणापासून घरातील फ्रिजचे, कपाटाचे, मोटरीचे लोखंडी अंग विजेच्या वाटेला जोडलेले असते. अर्थिंगची माती सुकली, की त्या लोखंडावर वीज उभी राहते. असे करणाऱ्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्पष्ट शब्दांत परावृत्त करावे, मग तो कितीही जवळचा असो. तीन पिनांच्या प्लगाची वरची पिन जाड व लांब असते ती अर्थिंगसाठी; ती आधी आत जावी व शेवटी बाहेर यावी म्हणूनच तिची लांबी जास्त ठेविली आहे. ती कापून टाकणे, किंवा प्लगच न लावता सोललेल्या तारा आगकाडी खोचून सॉकेटात बसविणे, हे पाणी तापविण्याच्या रॉडबाबत फार दिसते. नव्या घरात पुरेसे सॉकेट योग्य जागी दिले तर ही सवय निदान पुढच्या पिढीस लागणार नाही.

गोठ्याचे प्रकरण घराहून नाजूक आहे. तेथे शेणमूत्राने जमीन सदा ओली असते, जनावर लोखंडी साखळीने बांधलेले असते, वर पत्रा असतो, आणि जनावराचे चारही पाय जमिनीवर टेकलेले असतात. माणसास जाणवणार नाही इतकी वीजही गाईम्हशीस जाणवते. गव्हाणीशी यावयास जनावर कचरू लागले, पाणी पिताना अंग काढून घेऊ लागले, तर इतर कारणांबरोबर विजेची गळतीही तपासावी. गोठ्यासाठी मुख्य पेटीतून वेगळी वाट, वेगळा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., तारा नळीतून आणि जनावराच्या तोंडाच्या व शिंगांच्या आवाक्याबाहेर, बटणे गोठ्याच्या बाहेर कोरड्या भिंतीवर, अशी व्यवस्था असावी. कडबा कुट्टी यंत्राची जोडणी लोंबत्या तारेवर कधीही करू नये. कपडे वाळविण्याची तार गोठ्याच्या पत्र्यास वा विजेच्या खांबास बांधू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरी सांगावे लागते.

मोबाइलची हुकमत कोठे उपयोगी

एवढी पायाभूत व्यवस्था झाली, की मग नव्या सोयींचा विचार मोकळ्या मनाने करता येतो. या सोयी शेतकऱ्यास अपरिचित आहेत असे मुळीच नाही. विहिरीवरची मोटर घरी बसून फोनने सुरू करणारा मोबाइल स्टार्टर आज कित्येक शेतांवर आहे. रात्रीच्या पाळीची वीज आली, की अंधारात विंचूकाट्यातून विहिरीवर जाण्याचा त्रास त्याने वाचविला. ‘स्मार्ट घर’ म्हणजे तीच कल्पना उंबऱ्याच्या आत आणणे. साधा ऑटो स्विच मात्र निराळा. वीज येताच तो मोटर सुरू करून देतो. एका डी.पी.वरील सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या म्हणजे तीवर भार येऊन ती जळते, आणि मग सगळ्या शिवाराचे पाणी थांबते. मोबाइल स्टार्टरने आपण वेळ निवडू शकतो; तो फरक लक्षात ठेवावा.

घरात पहिला मान टाकीच्या पाण्यास द्यावा. छतावरील टाकीत पाण्याची पातळी दाखविणारा साधा संवेदक आणि तो भरताच मोटर बंद करणारा नियंत्रक, यांनी पाणी, वीज व मोटर तिन्ही वाचतात. खालचे पाणी संपल्यावर मोटर कोरडी चालू न देणारी सोय असलेला नियंत्रक मिळाल्यास उत्तम. यासाठी टाकीपासून मोटरीच्या पेटीपर्यंत एक वेगळी रिकामी नळी स्लॅबच्या वेळीच सोडावी. नंतर ती तार भिंतीच्या बाहेरून उन्हात लोंबत आणावी लागते व दोन उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकते.

दुसरा मान रात्रीच्या वाटेच्या दिव्यास. पलंगापासून संडासापर्यंत आणि मागील दारापासून गोठ्यापर्यंत, माणसाची चाहूल लागताच लागणारा व थोड्या वेळाने विझणारा दिवा. म्हाताऱ्या माणसाचे पडणे त्याने टळते, आणि वाटेत साप असला तर तो पायाखाली येण्यापूर्वी दिसतो. यास मोबाइल लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

तिसरी वस्तू गॅसगळती ओळखणारा सूचक. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. म्हणून त्याचा सूचक जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर, शेगडी व सिलिंडर यांच्या बाजूस लावावा, आणि तेथे एक लहान सॉकेट ठेवावा. पुष्कळजण तो धुराच्या सूचकाप्रमाणे छताजवळ लावितात. तेथे तो वेळेवर बोलत नाही.

रंग बदलणारे दिवे, बोलण्यास उत्तर देणाऱ्या पेट्या, आपोआप सरकणारे पडदे, यांचा मोह शहरातील घरे पाहून होतो. हौस असल्यास जरूर घ्यावेत. परंतु ज्या घरात अजून अर्थिंगची तार नाही, त्या घरात आधी ते घेणे म्हणजे बांध फुटलेला असताना शेताला रंगीत कुंपण करणे होय. यातील बऱ्याच वस्तू कंपनीच्या दूरच्या यंत्रामार्फत चालतात. इंटरनेट बंद पडले, किंवा कंपनीने ती सेवा थांबविली, तर वस्तू मुकी होते. म्हणून घेताना एकच प्रश्न ठामपणे विचारावा : मोबाइल नसताना, इंटरनेट नसताना, हाताने दाबून हा दिवा लागतो काय? लागत नसेल तर ती वस्तू घेऊ नये. निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी परस्परांस ओळखावे म्हणून ‘मॅटर’ नावाचे समान मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्याचे चिन्ह असलेली वस्तू मिळाल्यास बरे. कॅमेरा घेतल्यास त्याचा कंपनीने दिलेला सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, आणि त्याचा रोख शेजाऱ्याच्या न्हाणीकडे वा अंगणाकडे जाणार नाही हे पाहावे. भाऊबंदकीस आधीच कारणे पुष्कळ असतात.

या वस्तू बहुतेक वाय-फायच्या लहरींवर चालतात, आणि दगडी वा काँक्रीटच्या जाड भिंती त्या लहरी अडवितात. ओसरीच्या कोपऱ्यात राउटर ठेवला तर स्वयंपाकघरात संकेत पोहोचत नाही. म्हणून जेथून केबल घरात येणार तेथपासून घराच्या मध्यभागापर्यंत एक नळी ठेवावी आणि राउटर मध्यभागी बसवावा. गोठ्यात वा फाटकाशी कॅमेरा बसवावयाचा विचार असेल तर तेथपर्यंत स्वतंत्र नळीतून कॅट-६ तार नेण्याची सोय ठेवावी. ही तार १०० मीटरपर्यंत काम देते, आणि योग्य कॅमेरा निवडल्यास त्याच तारेतून त्यास वीजही पुरविता येते. विजेच्या तारा व ही तार एकाच नळीत कधीही घालू नये. प्रत्येक रिकाम्या नळीत एक नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. पुढे तार ओढताना त्या दोरीचे मोल कळते.

पंख्यांबाबत दोन शब्द. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या बी.एल.डी.सी. जातीचा सुमारे ३० वॅट. तीन पंखे दिवसाला दहा तास चालले तर रोज १.३५ युनिट, म्हणजे महिन्यास सुमारे ४० युनिटांची बचत होते. मात्र हे पंखे रिमोटने चालतात, भिंतीवरील जुन्या रेग्युलेटरमागे जोडल्यास बिघडतात. तेव्हा बोर्डात रेग्युलेटरची जागा धरण्यापूर्वीच पंखा कोणता घ्यावयाचा ते ठरवावे.

इन्व्हर्टर, छतावरील सूर्य व आकाशातील वीज

इन्व्हर्टर आज घ्यावयाचा नसला तरी त्याची वाट वेगळी काढावी. प्रत्येक खोलीतील एक दिवा, एक पंखा, राउटर आणि मोबाइल भारण्याचा एक सॉकेट एवढे तीवर असावे. बॅटरी ठेवण्याची जागा हवेशीर, मुलांच्या हातापासून दूर, व मुख्य पेटीच्या जवळ असावी.

छतावरील सौर संचासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये केंद्रीय साहाय्य ठरविण्यात आले. दर किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित छत लागते. यासाठी पाण्याची टाकी व जिन्याची खोली उत्तरेकडे ठेवावी, म्हणजे तिची सावली पत्र्यांवर पडत नाही. आणि छतापासून मीटरच्या जागेपर्यंत दोन नळ्या सोडाव्यात. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. वाहिनीस जोडलेला साधा सौर संच गावची वीज गेली की आपोआप बंद होतो, भर दुपारी ऊन असले तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून तशी योजना असते. वीज गेल्यावरही घर चालावे अशी अपेक्षा असल्यास बॅटरीसह चालणारा संच लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.

वळवाच्या पावसात तारांवरून येणारा विजेचा लोट टी.व्ही., राउटर व ही सगळी नाजूक बटणे एका क्षणात निकामी करतो. मुख्य पेटीत लोटरोधक यंत्र बसविल्यास पुष्कळ बचाव होतो. मात्र चांगल्या अर्थिंगवाचून ते निरुपयोगी आहे, कारण लोट टाकावयाचा तो जमिनीतच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. ती सूचना आली, की शेतातील माणसांनी सुरक्षित आसऱ्यास यावे आणि घरातील महाग वस्तूंचे प्लग काढावेत.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी आणखी एक काम करावे. प्रत्येक भिंतीस मोजपट्टी टेकवून, नळ्या व पेट्या स्पष्ट दिसतील असे मोबाइलने छायाचित्र घ्यावे, आणि ते भावाच्या वा मुलाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवावे. पुढे खुंटी ठोकताना, टी.व्ही. अडकविताना वा नळाची दुरुस्ती करताना भिंतीत तार कोठे आहे हे त्यावरून कळते. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे. नव्या जोडणीसाठी महावितरणकडे त्याचा चाचणी अहवाल द्यावाच लागतो. तो केवळ सहीशिक्क्याचा कागद होऊ नये म्हणून मालकाने चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहावे : अर्थिंगचा रोध मोजलेला पाहावा, आर.सी.सी.बी. आपल्या हाताने पाडून पाहावा, प्रत्येक सॉकेटात फेज व न्यूट्रल योग्य बाजूस आहेत हे टेस्टरने दाखवून घ्यावे. कोणत्या एम.सी.बी.वर कोणती खोली चालते ते मराठीत लिहून पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावे, म्हणजे घरात कर्ता पुरुष नसतानाही कोणालाही, शाळकरी मुलीलाही, नेमका पुरवठा बंद करता येईल. तारांचा नकाशा, चाचणी अहवाल आणि छायाचित्रांच्या प्रती घराच्या कागदपत्रांबरोबर, सातबाराच्या पिशवीतच ठेवाव्यात.